जेवून दोन-अडीच तास झाले की हातपाय गळतात, शुगर ५८. डब्यात काय नेऊ?

घाटवाट:

नमस्कार. मी एसटीत वाहक आहे, बारा वर्षं झाली. वय ३९. सध्या वाई–महाबळेश्वर फेऱ्या करते. थोडं सविस्तर लिहिते, कारण डॉक्टरांसमोर गेलं की पाच मिनिटांत सगळं सांगून होत नाही आणि निम्मं राहून जातं.

मागच्या महिन्यात पसरणी घाटात एका बाईंनी शंभराची नोट दिली. सुट्टे मोजत होते. नाणी तळहातावर दिसत होती, पण किती झाली ते डोक्यात शिरेना. तीनदा मोजली. हात थरथरत होते, मानेखालून घामाची धार लागली, छातीत धडधड आणि पोटात आग पडल्यासारखी भूक. दांडीला धरून कशीबशी उभी राहिले. त्या बाईंनीच मला त्यांच्या जागेवर बसवलं, पिशवीतला पेढा हातावर ठेवला. पाचगणी येईपर्यंत माणसात आले.

ही पहिली वेळ नव्हती. आठवड्यातून चार-पाच वेळा असं होतं आणि वेळ जवळजवळ ठरलेली असते, साडेदहा-पावणेअकरा. कधी दुपारी पुन्हा एकदा. संध्याकाळी डेपोत हिशेब भरून घरी आले की चप्पल काढून तिथेच बसते. पोरगी अभ्यासाचं विचारते, तर तिच्याशी बोलायचंही त्राण नसतं. लोक म्हणतात घाटातली ड्युटी आहे, दमणारच. पण अकरा वर्षं मी हेच करत होते, तेव्हा असं नव्हतं.

माझं खाणं असं: पहाटे साडेचारला दोन चमचे साखरेचा चहा आणि खारी. आठच्या सुमारास स्टँडवर पोहे किंवा वडापाव, परत चहा. साडेदहाला गळाले की बिस्किटाचा अख्खा पुडा. दुपारी दीडला डबा: चपाती, भाजी, भात-आमटी. चारला चहा-बिस्किट. रात्री नऊला भातच जास्त, कारण चपात्या लाटायला अंगात बळ उरत नाही. गुरुवारी उपवास, साबुदाणा खिचडी.

सासूबाईंना मधुमेह आहे, त्यामुळे घरात ग्लुकोमीटर आहे. माझ्या आईलाही होता. ते मशीन मी पंधरा दिवस पर्समध्ये ठेवलं आणि वहीत लिहून काढलं.

सोमवारी ८:१० ला पोहे आणि चहा. १०:४० ला थरथर, आकडा ५८.
बुधवारी आठला वडापाव, चहा. साडेदहाला ६६, अंग गार.
गुरुवारी नऊला साबुदाणा खिचडी. ११:४५ ला ५५. हा दिवस सगळ्यात वाईट.
रविवारी घरी होते. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, घट्ट वरण. तीन तासांनी ८८, काही झालं नाही.
आणि एक शनिवार, तसंच गळाल्यासारखं वाटलं, पण आकडा आला ९४. याचा अर्थ मला लागत नाही.

रिपोर्ट: उपाशीपोटी ९६, जेवणानंतर दोन तासांनी ११८, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी तपासणी) ५.९. डॉक्टर म्हणाले शुगर नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका. वजन दोन वर्षांत पाच किलो वाढलं. जिना चढताना दम लागतो, पण तो वजनाचा असावा.

कुणाला असा त्रास आहे का? मला गोळी नको, खाण्यात काय बदलू ते सांगा. स्टँडवर दहा मिनिटं मिळतात, गाडीत उभ्याने खाता येईल असंच काही हवं.


कृष्णाकाठ:

ताई, बिस्किटं बंद करा, त्यात मैदाच असतो. त्याऐवजी गूळ-शेंगदाणे ठेवा. आमचे आजोबा शेतावर जाताना कमरेला गूळ-शेंगदाण्याचा बटवा बांधून जायचे, दिवसभर नांगर धरायचे. गूळ नैसर्गिक आहे, त्याने शुगर अशी वरखाली होत नाही. काळजी घ्या.


पहाटवारा:

मी दोन वर्षं दिवसातून दोनदाच जेवतो, मध्ये काहीच नाही. माझी बॉर्डरलाइन शुगर खाली आली, वजन नऊ किलो उतरलं आणि दुपारची सुस्ती गेली. सुरुवातीचे आठ दिवस त्रास होतो, मग शरीराला सवय लागते. तुमचा एचबीए१सी ५.९ म्हणजे उंबरठ्यावरच आहात. विचार करून बघा.


डब्यावाल्या_मावशी:

अगं, तू माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नको. मी नाशिकला घरगुती डबे देते, रोजचे चाळीस. मला हाच त्रास सहा वर्षांपूर्वी सुरू झाला. सकाळी चाळीस डब्यांचा स्वयंपाक करताना मी स्वतः चहा आणि टोस्टवर असायचे. एकदा कुकरची शिट्टी मोजता मोजता खाली बसले ती उठता येईना. त्यामुळे तुझं नाण्यांचं वाचलं आणि पोटात कालवलं.

आधी मला जे कळलं ते सांगते. तुला साडेदहाला जे होतं त्याचं कारण साडेदहाला नसतं, ते आठ वाजता असतं. पोहे, पाव, साबुदाणा, गोड चहा, हे सगळं पोटात गेलं की लगेच साखर होऊन रक्तात येतं. ती झपकन वर चढते, मग शरीर तिला उतरवायला इन्शुलिन सोडतं, ते उशिरा आणि जास्त सुटतं, आणि साखर पायरी चुकल्यासारखी खाली येते. तू तेव्हा बिस्किटाचा पुडा खातेस. त्याने बरं वाटतं, पण तो पुडा म्हणजे पुन्हा आठ वाजताचाच प्रकार. दुपारी दुसऱ्यांदा होतं ते त्या पुड्याचं देणं आहे. माझं वर्षभर हेच चाललं होतं आणि मला वाटायचं बिस्किटांनीच मी तगून आहे.

तुझ्या वहीतला रविवार बघ. भाकरी, मेथी, घट्ट वरण, आणि काही झालं नाही. तुझं औषध त्या ओळीत आहे. तेच जेवण घाटात कसं न्यायचं एवढाच प्रश्न.

पहाटेचा चहा. एकदम बिनसाखरेचा करायला जाऊ नको, चार दिवसांत सोडून देशील. दोनचा दीड, आठवड्याने एक, मग अर्धा. मला महिना लागला. आणि चहाबरोबर खारी नको. रात्री भिजवलेले मूठभर शेंगदाणे किंवा एक उकडलेलं अंडं. अंडं चालत असेल तर त्याच्यासारखं सोपं काही नाही, सहा ग्रॅम प्रथिन, ना भांडं लागतं ना चमचा. शेंगदाणे तीसेक ग्रॅम घेतलेस तर सातच्या आसपास.

आठचा नाष्टा घरून ने. भाकरी डब्यात कडक होते हे खरं, म्हणून मी डब्यांत धपाटे देते. ज्वारीचं पीठ, त्याच्या निम्मं बेसन, मूठभर कणीक, चिरलेली मेथी किंवा किसलेला दुधी, तीळ, ओवा, आणि भिजवायला दही. हातावर नाही तर ओल्या फडक्यावर थापायचे. दह्यामुळे दुपारपर्यंत मऊ राहतात. दोन धपाटे, मध्ये शेंगदाण्याची सुकी चटणी, गुंडाळी करून कागदात. एक हात दांडीला असला तरी दुसऱ्या हाताने खाता येते. सोबत एका बाटलीत ताक. हिरव्या मुगाची धिरडी पण अशीच नेता येतात, फक्त गार झाल्यावर भर डब्यात, गरम भरलीस तर घाम सुटून चिकट होतात.

पोहे सोडायची गरज नाही. मीही खाते. पण अर्धी वाटी पोहे आणि तेवढीच मोड आलेली मटकी, वर शेंगदाणे, लिंबू. स्टँडवरच्या प्लेटमध्ये मटकी मिळणार नाही, म्हणून स्टँडवरचे नकोत.

साडेदहाला गळायची वाट बघू नको. दहाला, बरं वाटत असतानाच, खिशातले फुटाणे तोंडात टाक, सालासकट. एक मूठ, जास्त नाही. हे माझं सगळ्यात मोठं शिकणं आहे. भूक लागल्यावर माणूस शहाणपणाने खात नाही, समोर येईल ते खातं.

दुपारी आधी कोशिंबीर आणि उसळ संपव, मग चपाती, भात शेवटी आणि थोडा. तेच जेवण, फक्त खाण्याचा क्रम उलटा. मला हे माझ्या डायटीशियननी सांगितलं तेव्हा विश्वास बसला नव्हता, मग मशीनवर दोन्ही दिवस मोजून पाहिलं. भात आधी खाल्लेल्या दिवशी तासाभराचा आकडा चांगलाच वर होता.

नाचणी चांगली म्हणून सगळे सत्त्वाची पेज सांगतील. भाकरी खा, पेज नको. पीठ जितकं बारीक आणि जितकं शिजून पातळ, तितकं ते लवकर साखर होतं. पेज मला दोन तासांत गाळायची.

साबुदाण्याचं मात्र मी स्पष्ट बोलते. तो नुसता स्टार्च आहे, त्यात प्रथिन नावालाही नाही. खिचडीत जे काही दमदार आहे ते शेंगदाण्याचं कूट. देवाला तुझा उपवास हवा असेल, तुझं गाडीत कोसळणं नको असणार. राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ, त्यात कूट, वर दही. किंवा भगर थोडी आणि दाण्याची आमटी भरपूर. आमच्याकडे सासूबाईंनी कुरकुर केली, पण मी एकदा त्यांच्यासमोरच खिचडीनंतर ५७ दाखवला, नंतर त्याच राजगिरा निवडून ठेवायला लागल्या.

गुळाचं कृष्णाकाठ दादांनी प्रेमानं लिहिलंय, पण दादा, तुमचे आजोबा नांगर धरत होते आणि त्यांना हा त्रास नव्हता. गूळही साखरच. त्यातले शेंगदाणे घे, गूळ ठेव.

एक राहिलं. शुगर खरोखर खाली गेली असेल तेव्हा मात्र फुटाणे नकोत, तेव्हा साखरच लागते. तीन चमचे साखर पाण्यात. पंधरा मिनिटं थांब, पुन्हा मोज. सावरलीस की मग शेंगदाणे किंवा अर्धा धपाटा, म्हणजे साखर परत घसरत नाही. मी एका छोट्या डबीत साखर मोजून ठेवते, कारण त्या अवस्थेत चमचे मोजता येत नाहीत. तुझी नाणी मोजता आली नाहीत, तसंच.


तालुका_फिजिशियन:

ताई, तुम्ही वही ठेवलीत हे फार चांगलं केलंत. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांकडे फक्त ‘गळाल्यासारखं होतं’ एवढंच असतं. मावशींनी खाण्याचं उत्तम लिहिलंय, त्यात मी भर घालत नाही. मी दुसऱ्या बाजूने लिहितो.

याला रिॲक्टिव्ह हायपोग्लायसेमिया म्हणतात, जेवणानंतर साधारण चार-पाच तासांच्या आत साखर खाली जाणं. पण हे नाव लावण्याआधी तीन गोष्टी एकत्र दिसाव्या लागतात: लक्षणं, त्याच वेळी खरोखर कमी असलेली साखर, आणि साखर वर आल्यावर लक्षणं जाणं. तुमच्याकडे पहिली आहे, तिसरी बरीचशी आहे. मधली अजून पक्की नाही. घरगुती मीटर शंभराच्या खालच्या आकड्यांत पंधराने इकडे-तिकडे असला तरी तो मान्य मर्यादेतच धरतात. म्हणजे तुमचा ५८ हा प्रत्यक्षात ७० असू शकतो किंवा ४५ असू शकतो. मधुमेह नसलेल्या माणसात आम्ही ५५ च्या खालचा आकडा, तोही शिरेतून काढलेल्या रक्ताचा, गंभीरपणे घेतो.

त्यामुळे मिश्र आहाराची चाचणी करून घ्या. ग्लुकोजचं पाणी पिऊन करतात ती नको. ते पाणी प्यायल्यावर अनेक धडधाकट माणसांचीही साखर खाली जाते, आणि नसलेला आजार चिकटतो. ज्या नाष्ट्याने तुम्हाला त्रास होतो तोच नाष्टा करून लॅबमध्ये बसायचं आणि ठरावीक वेळाने रक्त द्यायचं, पाच तासांपर्यंत. फिजिशियनच्या देखरेखीखाली करा.

शनिवारचा ९४ विसरू नका, तो महत्त्वाचा आहे. थरथर, घाम, धडधड ही अ‍ॅड्रिनॅलिनची लक्षणं आहेत. साखर १७० वरून ९० वर झपाट्याने आली तरी काहींना ती जाणवतात. रक्त कमी असेल तरी धडधड होते. आणि इथेच मला तुमच्या पत्रातली एक ओळ खटकली, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत: जिना चढताना दम लागतो. हिमोग्लोबिन कधी पाहिलंय? पाळीत अंगावरून जास्त जातं का? सीबीसी (रक्तपेशींची आणि हिमोग्लोबिनची तपासणी), फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी१२, थायरॉईड, एवढं करा. लोह कमी असलं की एचबीए१सी थोडा जास्त दिसू शकतो, म्हणजे तुमच्या ५.९ चा अर्थही त्यावर अवलंबून आहे. तरी आईला मधुमेह आणि वाढलेलं वजन बघता मी तो दुर्लक्षित करणार नाही. मधुमेहाच्या आधीच्या टप्प्यात इन्शुलिन असंच उशिरा आणि जास्त सुटतं.

काही गोष्टी असतील तर मात्र डबा बदलत बसू नका, लगेच दाखवा: पहाटे उपाशीपोटी किंवा रात्री झोपेत साखर खाली जाणं, असंबद्ध बोलणं, फिट, शुद्ध हरपणं, किंवा पूर्वी जठराची शस्त्रक्रिया झालेली असणं. शिवाय घरात सासूबाईंच्या मधुमेहाच्या गोळ्या आहेत. तुमच्या एखाद्या रोजच्या गोळीच्या डबीत त्या मिसळलेल्या नाहीत ना, हे आज घरी गेल्यावर स्वतः बघा. असे रुग्ण मी पाहिलेत.

पहाटवारा, तुम्हाला फायदा झाला याचा आनंद आहे. पण ज्यांची साखर कामावर असताना मोजून ५५-५८ दिसते आहे आणि ज्या चालत्या गाडीत उभ्या असतात, त्यांनी निदान होण्याआधी लांब उपास सुरू करू नये.

पेढ्याबद्दल एक: त्यात तूप-खवा असतो, स्निग्धांशामुळे साखर रक्तात यायला वेळ लागतो. पाचगणीपर्यंत थांबावं लागलं ते त्यामुळेही असेल. चॉकलेटचंही तसंच. मावशींची साखरेची डबी योग्य.


घाटवाट:

मावशी, डॉक्टर, दोघांचं उत्तर मी रात्री दोनदा वाचलं, नवऱ्यालाही वाचायला लावलं.

गोळ्या तपासल्या. मिसळलेल्या नव्हत्या, पण सासूबाईंच्या आणि माझ्या कॅल्शियमच्या एकाच डब्यात होत्या. वेगळ्या केल्या. रात्री-पहाटे कधी त्रास झालेला नाही, शुद्ध गेलेली नाही.

पाळीत हो, पहिले तीन दिवस खूप जातं. ड्युटीवर असताना त्या दिवसांत कसं निभावते ते माझं मला माहीत. बाईच्या जातीला हे असतंच म्हणून कधी कुणाला बोलले नाही. तपासण्या करते.

मावशी, धपाट्यात बेसनाऐवजी मुगाचं पीठ चालेल का? बेसनाने मला गॅस होतो.


डब्यावाल्या_मावशी:

चालतं. सालीच्या मुगाचं दळून आण. मग ओव्याबरोबर थोडं आलं घाल. आणि ‘असतंच’ म्हणून गप्प बसू नको गं, मी पण अशीच गप्प बसले होते.


घाटवाट (सात आठवड्यांनी):

मागे ज्यांनी लिहिलं त्यांना सांगायचं राहिलं होतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी बसून लिहिते.

चाचणी केली. घरून माझेच नेहमीचे पोहे डब्यात नेले, लॅबखालच्या टपरीवरून दोन चमचे साखरेचा चहा आणला आणि बाकावर बसून खाल्लं. अर्ध्या तासाला १४८, तासाला १७९, दोन तासांनी ११२. म्हणजे दोन तासांचा आकडा बघून कुणीही नॉर्मलच म्हणालं असतं. पावणेतीन तासांनी कपाळावर घाम आला. सिस्टर लगेच आल्या, रक्त घेतलं, ५१. साखर-पाणी दिलं, पंधरा मिनिटांनी ८३ आणि मी ठीक. फिजिशियन मॅडम म्हणाल्या, आता याला नाव देता येईल. बारा वर्षांत पहिल्यांदा रडू आलं ते त्या बाकावर, कारण गेलं वर्षभर मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं की मी कामचुकार झालेय.

दुसरे रिपोर्ट: हिमोग्लोबिन ९.४, फेरिटिन ६. बी१२ काठावर, थायरॉईड चांगला. लोहाची गोळी सुरू आहे, लिंबूपाण्याबरोबर घेते, आणि तिच्या आगेमागे तासभर चहा नाही, चहाने लोह अंगी लागत नाही म्हणून. सोनोग्राफी पुढच्या आठवड्यात आहे.

आता खाण्याचं. पहाटे अंडं आणि पाव चमचा साखरेचा चहा. आठला मुगाच्या पिठाचे दोन धपाटे आणि ताक. दहाला, वाईतून वर निघालेली गाडी घाटाला लागायच्या आधी, फुटाणे. आमचे चालक दादा आता आरशातून बघतात आणि मला विसर पडला तर हॉर्न वाजवतात. दुपारी कोशिंबीर-उसळ आधी. रात्री भात अर्धा केला आणि जेवून पंधरा मिनिटं पोरीबरोबर गल्लीत चालते. तेवढ्यात तिचं शाळेचं सगळं ऐकून होतं.

थरथर दहा दिवसांतच थांबली. पण थकवा तसाच होता, आणि तेव्हा मी खचले होते, वाटलं एवढं करून उपयोग नाही. थकवा उतरायला लागला तो गोळी सुरू करून चौथ्या आठवड्यानंतर. मी दोन्ही एकच समजत होते. साखरेचं आणि रक्ताचं दुखणं एकावर एक बसलेलं होतं. शनिवारचा तो ९४ आला होता ना, वहीत तारीख बघितली, पाळीचा दुसरा दिवस होता.

महिन्यात दोनदा मात्र साखर खाली गेली. एकदा लग्नात, उभ्या-उभ्या नुसती जिलबी आणि मसालेभात खाल्ला, उसळीपर्यंत पोचलेच नाही. दुसऱ्यांदा शनिवारी पर्यटकांच्या गाड्यांमुळे पाचगणीच्या अलीकडे दीड तास अडकलो. फुटाणे संपले होते, डबा सीटखाली होता पण गाडीत एवढी गर्दी की पुढे जाता येईना. ६४ आला. साखरेची डबी खिशात होती, ती उघडली. तेव्हापासून डबा सीटखाली ठेवत नाही, तिकिटाच्या मशीनच्या पिशवीतच एक धपाटा असतो.

गुरुवारी राजगिरा. सासूबाईंनी स्वतः सुचवलं की त्यांनाही तेच करायचं, त्यांची शुगरही खिचडीने वाढायची.

मावशी, धपाट्यांचा आता कंटाळा येतोय. तुमच्या थालीपिठाच्या भाजणीचं प्रमाण द्याल का? बाजारची आणली होती, तांदूळच जास्त वाटला.


डब्यावाल्या_मावशी:

फेरिटिन ६ घेऊन घाटात उभी राहत होतीस, बाई. सोनोग्राफी चुकवू नको, झाली की इथे लिही.

भाजणी: ज्वारी दोन वाट्या, बाजरी एक, हरभरा डाळ एक, सालीचे मूग एक, उडीद डाळ अर्धी, तांदूळ पाव वाटीच. धणे अर्धी वाटी, जिरे दोन चमचे. तुला हरभऱ्याने गॅस होतो, तर ती डाळ निम्मी कर आणि मूग वाढव. प्रत्येक धान्य वेगवेगळं भाज, मंद आचेवर, एकत्र भाजलंस तर बाजरी करपते आणि डाळ कच्ची राहते. उडीद गुलाबी झाले की उतरव. पूर्ण गार होऊ दे, मगच गिरणीत ने, आणि गिरणीवाल्याला सांग जरा भरडच दळ.